दूध सोडू नकोस

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणाऱ्या स्कॅनमध्ये तुझा कॅल्शियम स्कोअर चारशेच्या वर आला म्हणून तू दूध सोडलंस, हे वाचून हसू आलं आणि रागही आला. अरे, नळात क्षार धरावा तसं हे नसतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पातळीवर धरून ठेवतं. कमी पडलं तर हाडांतून काढतं. तू उपाशी ठेवशील ती हाडंच.

खरी गंमत धमनीच्या भिंतीत आहे. तिथल्या स्नायुपेशी आपलं काम सोडून हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक रचतात, हाडात असतात तेच! हे होऊ नये म्हणून शरीरात पहारेकरी प्रथिनं आहेत. त्यांतलं एक काढून टाकलेल्या उंदरांच्या धमन्या इतक्या कडक झाल्या की महाधमनी फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. हा प्रयोग १९९७चा. म्हणजे कॅल्शियम साठणं सतत अडवलं जात असतं, आणि वय वाढलं की ती अडवणूक ढिली पडते.

पण सगळं वयावर ढकलू नकोस. बोलिव्हियातल्या जंगलात शिकार-शेतीवर जगणाऱ्या त्सिमाने लोकांपैकी चाळिशीपुढच्या ७०५ जणांचं स्कॅनिंग झालं. २०१७ साली निष्कर्ष आले, तर ८५ टक्क्यांचा स्कोअर शून्य! आपल्या भाऊबंदांचं तर आणखी विचित्र. मकाक माकडांना चरबीचं खाणं दिलं की त्यांच्या धमन्यांत आपल्यासारखेच चरबीचे थर धरतात. पिंजऱ्यातल्या चिंपांझींचं कोलेस्टेरॉल चांगलंच चढलेलं असतं, तरी धमनी तुंबून झटका येणं त्यांच्यात दुर्मीळ. त्यांचं हृदय बिघडतं ते स्नायूत तंतू माजून. इतके जवळचे नातेवाईक, आणि दुखणं वेगळं. का, याचा मला अजून छडा लागलेला नाही.

आणखी एक. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू केल्यावर स्कोअर थोडा वाढला तर घाबरू नकोस. मऊ थर घट्ट होतात, त्यात कॅल्शियम दाटतं. धोका मात्र कमी होतो. त्यामुळे दर वर्षी स्कॅन करून आकडे मोजत बसण्यात मला काही अर्थ वाटत नाही. रक्तदाब आणि साखर मात्र सांभाळ.

मूत्रपिंड मंदावलं की फॉस्फेट साचतं आणि हाच प्रकार झपाट्याने वाढतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घे, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. डॉक्टरांना विचार आणि आकडा मला कळव.

तुझा,
श्रीधर