पवन, तुह्या रिव्ह्यूबद्दल

प्रिय पवन,

तू पाठवलेला मोबाईल गेमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एकदा दुकानात, गिऱ्हाईक नव्हतं तवा, अन् दुसऱ्यांदा काल रात्री वावरात. या आठवड्यात आमच्या फिडरले थ्री फेजची लाईन रात्रीची आहे, बुढ्याले एकट्याले पाठवाची हिंमत होत नाही, मंग मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो अन् हरभऱ्याले पाणी देता देता निवांत वाचला. तू विचारलं होतं, खरं सांगजो कसा जमला. फोनवर असतो तं मस्त आहे बे म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून लिहून राहिलो.

लिहिणं तुहं चांगलंच आहे, शाळेत होतो तवापासून आहे. पण पूर्ण वाचून झाल्यावरही मले हे नाही समजलं की हा गेम इकडच्या पोट्ट्यानं घ्यावा का नाही घ्यावा. ग्राफिक्स जबरदस्त, स्टोरी खिळवून ठेवते, कंट्रोल स्मूद, दहापैकी साडेआठ. एवढं तं कंपनी स्वतःच सांगून राहिली. तू कोणत्या फोनवर खेळला, किती तास खेळला, शेवटपर्यंत गेला का अर्ध्यातून लिहाले बसला, गेममध्ये पैसे टाकले का नाही टाकले, यातलं काहीच नाही त्यात.

हे काऊन म्हणतो ते सांगतो. दिवाळीच्या सुट्ट्या संपता संपता दुकानात एक पोट्टा आला, बाजूच्या गावचा, अकरावीतला. सुट्टीभर कापूस वेचला, थोडे पैसे मायनं बचत गटातून काढून दिले, अन् फोन घेतला, कारण एका व्हिडिओत पाह्यलं होतं की या फोनवर अमुक शूटिंगचा गेम मक्खन चालते. काउंटरवर फोन ठेवला अन् म्हणे दादा, फोन खराब निघाला. मी म्हटलं माह्यासमोर खेळून दाखव. पहिले दहा मिनिटं खरंच चांगला चालला. पंधराव्या मिनिटाले कॅमेऱ्याच्या बाजूची पाठ अशी तापली की बोट ठेववेना, अन् तिथूनच गेम अडकाले लागला, समोरचा दिसला की स्क्रीन थिजे, सुटे तवा हा मेलेला. मंग त्यानं काही न बोलता खिशातून रुमाल काढला, माठाखालच्या बादलीत भिजवला, पिळला, चार घड्या केल्या अन् फोन त्याच्यावर ठेवून पुढं खेळू लागला. हात असे सवयीनं चालले की मले समजलं, हा रोज असाच खेळते.

फोनमध्ये बिघाड काहीच नव्हता. प्रोसेसर तापला की स्वतःले वाचवासाठी आपली स्पीड उतरवते, थ्रॉटलिंग म्हणतात त्याले, अन् स्वस्त फोनमध्ये उष्णता बाहेर काढाची सोय कमी असते म्हणून हे लवकर होते. हे तं थंडीचे दिवस, मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४४ डिग्रीत काय होत असंन याचा विचार कर. तो व्हिडिओ मी नंतर शोधून पाह्यला. मागच्या भिंतीवर एसी दिसते अन् खेळणं पाच मिनिटाचं आहे. खोटं एक शब्द नाही त्यात, फक्त पाचच मिनिटं खेळलो हे त्यानं सांगतलं नाही. पोट्टा बिल घडी करून खिशात ठेवून परत गेला, मले त्याच्याकडून एक रुपया घ्यावा वाटला नाही.

तू लिहिलं सरासरी ६० एफपीएस, म्हणजे एका सेकंदात ६० चित्रं, त्यालेच फ्रेम म्हणतात. ६० म्हणजे एका फ्रेमले जेमतेम १६.७ मिलीसेकंद भेटतात. आता दहा मिनिटाच्या खेळात पाच-सात वेळा एखाद्या फ्रेमनं २०० मिलीसेकंद खाल्ले तं सरासरीले काही फरक पडत नाही, पण खेळणारा तेवढ्यातच मरते. पावसाचं पाहय ना, तालुक्याची सरासरी शंभर टक्के लिहून येते, अन् ऑगस्टात वीस दिवसाचा खंड पडला तं सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात. शेतकरी सरासरी विचारतच नाही, खंड किती दिवसाचा पडला ते विचारते. तूही खंड सांग. गेम कुठं अडकला, किती वेळानं अडकला, गर्दीच्या जागी अडकला का नेटमुळं. नेटचं अडकणं अन् फोनचं अडकणं वेगळं असते हे तुले माहीत आहे, वाचणाऱ्याले नसते, त्याले वाटते आपलाच फोन फालतू.

दुसरी गोष्ट, तू गेम कंपनीनं हॉटेलात ठेवलेल्या त्या इव्हेंटले जाऊन आला, तिथं कंपनीच्याच फोनवर खेळला. मले लगेच डेमो प्लॉट आठवला. बियाण्याची कंपनी सडकेच्या कडेले काळ्या जमिनीत प्लॉट लावते, ओलिताचा, खत वेळेवर, फवारणी वेळेवर, मंग शिवारफेरी काढून सगळ्याईले बोंडं मोजून दाखवते. प्लॉट खराच असते, बोंडंही खरेच असतात. पण आमची बरड, कोरडवाहू, तिथं ते बियाणं काय करंन हे प्लॉटवर उभं राहून नाही समजत. सायबरपंक २०७७ या गेमचं हेच झालं होतं. १० डिसेंबर २०२० ले गेम आला. त्याच्या आधी रिव्ह्यूवाल्याईले फक्त पीसीची कॉपी भेटली होती, अन् स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ रिलीजच्या आधी दाखवाची परवानगी नव्हती, कंपनीनं दिलेलाच दाखवाचा. तगड्या पीसीवर गेम भारी, म्हणून मार्कही भारी आले. मंग ज्याईच्याकडे जुना पीएस४, म्हणजे सोनीचा टीव्हीले जोडाचा गेमचा कन्सोल होता त्याईनं चालू केला तं गेम अडकून राहिला, बंद पडून राहिला. आठेक दिवसात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला अन् पैसे परत देणं सुरू केलं, जून २०२१ मध्ये परत ठेवला. पीसीवाल्या रिव्ह्यूत खोटं नव्हतं. पण ज्याच्या रिव्ह्यूत ठळक लिहिलेलं होतं की मी फक्त पीसीवर खेळलो, कन्सोलचं मले पाहूच दिलं नाही, त्याच्यावर माहा विश्वास बसला, कारण न दाखवलेली गोष्ट हीच खरी बातमी होती. तूही लिही ना, इव्हेंटमध्ये खेळलो, फोन कंपनीचा, एवढा वेळ भेटला. दोन ओळी लागतात.

अन् येण्याजाण्याचा खर्च त्याईनं केला तं तेही लिही. २०२१ पासून एएससीआयचा, म्हणजे जाहिरातीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियमच आहे की पैसे किंवा वस्तू घेऊन काही दाखवलं तं तसं सरळ सांगाचं. तसा तू विकल्या जाणारा नाही, हे मले माहीत आहे, पण वाचणाऱ्याले कसं माहीत पडंन? गावात कृषी केंद्रवाला एकच वाण पुढं करून राहिला की आम्ही विचारतो, यावर स्कीम आहे का भाऊ. रिव्ह्यू लिहिणाऱ्या जेफ गर्स्टमनचं तं तू वाचलंच असंन, नोव्हेंबर २००७, गेमस्पॉट या गेमच्या साइटनं त्याले नोकरीवरून काढलं. केन अँड लिंच नावाच्या गेमले त्यानं ६ दिले होते अन् त्याच गेमच्या जाहिराती साइटवर लागल्या होत्या. काऊन काढलं ते मोकळेपणानं सांगाले त्याले २०१२ उजाडलं. मंग तोपर्यंत त्यानं जायंट बॉम्ब ही स्वतःची साइट काढलीही होती अन् लोकं त्याच्या मागं गेले होते, कारण त्याच्या शब्दावर भरोसा होता. तुह्याजवळही सध्या तेवढंच भांडवल आहे.

मार्काचं म्हणशील तं मले ते साडेआठ काढून टाकलं तरी चालते. जपानच्या फामित्सू या गेमच्या मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी मार्क देतात, चाळीसपैकी बेरीज, अन् पहिल्यांदा पूर्ण ४० भेटले ते १९९८ मध्ये झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमले. त्यात मले चार जणं हे आवडते, एकाले ९ अन् दुसऱ्याले ६ वाटला तं ते दिसते तरी. पण एका आकड्यावर किती लटकते पाहय, फॉलआउट न्यू वेगस हा गेम बनवणाऱ्याईले मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूच्या मार्काची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ आले असते तं बोनस होता, आले ८४. एका मार्कानं गेलं. तिकडं लिहिणाऱ्याले कल्पना तरी असंन का की आपण सातच्या जागी साडेसात दिले असते तं काय झालं असतं? म्हणून वाढवून द्यावे असं नाही म्हणत मी. शब्द इतके साफ लिहावे की आकड्याची गरजच पडू नये.

अन् लोकाईचे रिव्ह्यू वाचून मत बनवू नको. द लास्ट ऑफ अस पार्ट टू आला जून २०२० मध्ये, वीस तासावरचा गेम, अन् काही तासातच हजारो लोकं शून्य देऊन गेले. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकले नियम करावा लागला की रिलीजनंतर ३६ तास युजर रिव्ह्यू बंद.

आता जे मले तुह्याकडून खरंच पाह्यजे ते सांगतो. मागच्या वर्षी तुह्या रूमवर आपण राजी नावाचा गेम खेळलो होतो, तुमच्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स कंपनीचा, २०२० चा. त्याचे इंग्रजी रिव्ह्यू मी शोधून वाचले. वाडे, रंग, सावल्याच्या बाहुल्या याचं कौतुक, मारामारीबद्दल तक्रार, शेवट अचानक तुटते ही तक्रार, अन् ती बरोबरच आहे, आपल्यालेही वाटलं होतं. पण ती पोरगी भावाले, गोलूले, शोधाले निघते अन् वरून दुर्गा अन् विष्णू आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात, तवा तू कंट्रोलर खाली ठेवला होता अन् म्हणाला होता, आपली आजी गोष्ट सांगताना देवाईले असंच भांडवत होती. हे कोणत्याच रिव्ह्यूत नव्हतं, हे फक्त तूच लिहू शकत होता. अन् या नवीन रिव्ह्यूत मले तो पवन एकाही ओळीत दिसला नाही. हातानं काय केलं, कुठं मन लागलं, कुठं कंटाळा आला, कोणती लढाई अकराव्यांदा जमली, ते लिही. वाईट म्हणायचं तं कारण देऊन म्हण, गेम बनवणारेही वर्षोनुवर्षं बसलेले असतात.

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये तुह्यासाठी एक फोन देऊन पाठवतो, ४ जीबी रॅमचा, सकाळी वाघोलीले उतरवून घेजो, ड्रायव्हरचा नंबर व्हॉट्सॲप करतो. बॅटरी नवीन टाकली आहे, ११ जीबीच जागा मोकळी ठेवली आहे कारण पोट्ट्याईच्या फोनमध्ये तेवढीच असते, ती साफ करू नको. पंखा बंद करून एक तास सलग खेळ अन् पंधराव्या मिनिटाले पाठीवर बोट ठेवून पाह्य. मंग रिव्ह्यू परत लिही अन् पहिले मले पाठव, मी त्या पोट्ट्याले दुकानात बोलावून वाचून दाखवतो.

तुहा,
गजू