गाडीच्या विम्याबद्दल

साखळी,
रविवार, रात्र

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी आपटला, तू नव्हे. आई म्हणते, पत्र कसलं लिहिता, सरळ फोन करा. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू 'बरं बाबा' म्हणतेस. ते 'बरं बाबा' मला ऐकवत नाही.

फुल इन्शुरन्स सोडून नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा घ्यायचा, हा तुझा हिशेब आज कागदावर मांडून पाहिला. अल्टोची किंमत आता ८५ हजार धरतात. २०२३ साली काकीच्या माडावरून बॉनेटवर नारळ पडला, त्याचं बिल अजून कपाटात आहे. बिल १८ हजारांचं, हातात पडले साडेनऊ. गाडी दहा वर्षांवरची, म्हणून पत्र्याच्या भागांचे निम्मे कापले, प्लास्टिकचेही निम्मे, शिवाय पहिले हजार आपलेच. वर इतकी वर्षं काही मागितलं नाही म्हणून हप्त्यात मिळणारा ५० टक्के बोनस गेला. मी तेव्हा नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअरशी भांडलो होतो. सगळं पॉलिसीत छापलेलं होतं, वाचलं नव्हतं ते मी. तेव्हा फुल इन्शुरन्स सोडून नुसती थर्ड पार्टी घ्यायची, हे तुझं खरं. तिचा दर सरकारच ठरवतं. हजार सीसीच्या आतल्या गाडीला गेल्या खेपेला २,०९४ रुपये होते, वर १८ टक्के जीएसटी. कुठल्याही कंपनीत जा, आकडा तोच. उरलेले पैसे बँकेत वेगळे ठेव, बंपर-बिंपरला होतील. गाडी चोरीला गेली किंवा जळली तर मात्र हात हलवत बसायचं, एवढं कबूल करूनच घे.

पण तारीख चुकवू नको. २८ ला संपते. एक दिवस जरी मध्ये गेला आणि कुणाला धक्का लागला, तर जखमी माणसाची भरपाई आपल्या घरावर येते. दंड २,००० रुपये, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ते वेगळंच. आणि रात्रपाळी संपवून लगेच निघू नको. मडगावच्या खोलीवर झोप, सकाळी ये. पावसात बोरीच्या पुलावर समोरून ट्रक आला की काचेवर नुसता उजेड दिसतो. रस्त्यात पाणी असेल आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी इंजिनात ओढलं जातं, आणि ते नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्येसुद्धा देत नाहीत. ढकलून बाजूला घ्यायची.

बघ, पुन्हा शाळा सुरू झाली माझी. राहू दे.

खरी गोष्ट अशी. आज चष्मा लावून पॉलिसीचं प्रत्येक पान वाचलं. त्यात १५ लाखांचा अपघात विमा आहे, 'ओनर-ड्रायव्हर'साठी. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी, तो स्वतः चालवत असेल तर. गाडी माझ्या नावावर. चालवतेस तू. दोन वर्षं मी त्याचे पैसे भरतोय आणि बोरीच्या पुलावर तुझ्यामागे त्यातला एक पैसाही नाही. मी दोनदा वाचलं. त्या ओळीत पुढे जे लिहिलंय ते इथे लिहीत नाही.

तू तीनदा म्हणालीस, बाबा, गाडी माझ्या नावावर करूया. दर वेळी मी म्हटलं, घाई काय आहे. डोळ्यांचं झाल्यापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, तरी आरसी बुकावर नाव आहे तोवर आपण चालवतोच आहोत असं वाटायचं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि त्याच चवथीला ही गाडी दारात आली. माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळांचं, सामान आणायला डिचोलीच्या बाजारात गेलो, तू मागच्या सीटवर काकडी आणि नारळांच्या मध्ये बसून हॉर्न वाजवा, हॉर्न वाजवा म्हणत होतीस. हप्ते फेडायला नंतर टिपर विकला, ते तुला माहीत आहे. आता त्याच सीटवर तुझी कंपनीची बॅग असते. शेजारी विचारतात, मुलगी वेर्ण्याला काय करते, तेव्हा मला धड सांगता येत नाही, पण सांगतो मात्र बराच वेळ.

तर असं कर. २८ च्या आत थर्ड पार्टी माझ्याच नावाने भर. तुझ्यासाठी १५ लाखांची वेगळी अपघात पॉलिसी आजच्या आज काढ. ती माणसाच्या नावाची असते, मग गाडीबरोबर पुन्हा घ्यावी लागत नाही. पैसे मी देतो, नको म्हणू नको. गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं. २०२७ त पंधरा वर्षं भरतील, तेव्हाचं पासिंगही मग तुझ्याच नावाने होईल.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्या आहेत. सही जरा वाकडी आली आहे, आरटीओत काही म्हणाले तर मी येईन. शनिवारी ये. उजेडात ये.

तुझा,
बाबा

ता. क. – आईने सोलं बांधून ठेवली आहेत. मागचं चाक उजवीकडचं गुळगुळीत झालंय, ते गेल्या खेपेलाच सांगायचं राहिलं.