फीसाठी नको, फीच्या आजूबाजूसाठी द्या

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही गावच्या मुलांनी मिळून अडीच लाख रुपये जमवलेत आणि ते दहा मुलींच्या कॉलेजच्या फीसाठी वाटायचं ठरवलंय, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. हेतू चांगला आहे, पण पैसे फीसाठी देऊ नका. जी रक्कम सरकार भरणारच आहे तिच्यातच तुमचे पैसे जातील, आणि मुलगी खरोखर जिथे अडते तिथे द्यायला हातात काही उरणार नाही. इतकी वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलामागे बसलेल्या आईचं एवढं ऐक.

आधी सरकार काय देतं ते नीट समजून घे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून १०० टक्के माफ झालं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे आणि ती आधीपासूनची आहे. माफीत फक्त ही दोन शुल्कं येतात, हे लक्षात ठेव. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस, पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन हे सगळं घरच्यांकडेच राहतं. 'मुलींना शिक्षण मोफत' असं ऐकून आलेला बाप कॉलेजच्या काउंटरवर पंधरा-वीस हजारांची पावती पाहतो आणि त्याला वाटतं आपल्याला फसवलं. तिथूनच मुलगी परत तालुक्याच्या बी.ए.ला जाते. बी.ए.ला मी कमी लेखत नाही, पण तिने ते निवडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती जवळजवळ कोणालाच माहीत नसते. ही माफी फक्त केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच आहे. व्यवस्थापन कोट्यातली किंवा संस्था पातळीवरची जागा घेतली की माफी गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. आता आपल्याकडे काय होतं बघ. मुलीला कॅपमध्ये दीडशे किलोमीटरवरचं कॉलेज लागतं. घरचे म्हणतात, एवढ्या लांब नको. जागा सोडतात. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जवळच्या कॉलेजात संस्था पातळीवर जागा घेतात आणि पूर्ण फी भरतात, किंवा भरता येत नाही म्हणून वर्ष वाया घालवतात. मुलाला लांब पाठवायला हेच घर तयार असतं. फी माफीचा निर्णय मुलगा-मुलगी समान करायला निघाला आणि अंतरापाशी येऊन अडकला, असं माझं मत आहे.

म्हणून पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना तुम्ही जवळ असलं पाहिजे. अभियांत्रिकीला शेकडो पर्याय टाकता येतात, आपल्याकडच्या मुली चार-पाच टाकून थांबतात. कॉलेजांची यादी तीन गटांत करायला सांग: वसतिगृह नक्की मिळेल अशी गावं, ज्या गावात नात्याचं माणूस आहे ती गावं, आणि थेट एसटी आहे ती गावं. या तिन्हींत न बसणारं कॉलेज यादीत टाकूच नका, कारण ते लागलं तर घरचे सोडणारच. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तो आपोआप गोठतो, म्हणजे तीच जागा कायम होते, आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. तेव्हा पहिल्या क्रमांकावर 'बघू या' म्हणून काहीही टाकायचं नाही. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. यादीत त्यांचा कोड 'एल'ने सुरू होतो आणि सर्वसाधारण जागांचा 'जी'ने. मुलगी दोन्हींसाठी पात्र असते. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना 'एल'चा आकडा बघा. बरेचदा तो थोडा खाली असतो, आणि 'आपल्याला हे कॉलेज मिळणारच नाही' असं समजून मुली चांगलं नाव यादीतून गाळतात.

आणखी एक. बीबीए, बीसीएसाठीही २०२४-२५ पासून सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, आली. 'साधा कोर्स आहे, बारावीनंतर थेट प्रवेश' असं समजून बसलेली मुलगी सीईटी देतच नाही आणि मग तिची गाडी संस्था पातळीवरच्या जागेवर जाते. अर्जाची मुदत बारावीच्या परीक्षेच्या आसपास संपते, म्हणून हे काम जानेवारीत बघायचं.

आता कागदपत्रं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मुली इथेच गळतात.

जात वैधता प्रमाणपत्र अकरावीत असतानाच काढायला टाका. त्याला वेळ लागतो तो पुराव्यांमुळे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो वडिलांच्या बाजूचा: वडील, आजोबा, चुलते, आत्या यांचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, शोधायचा. घरात कोणाचं वैधता प्रमाणपत्र आधीच झालेलं असेल तर अर्धं काम झालं, ते आधी विचारा. नुसत्या अर्जाच्या पावतीवर मुदत कधी मिळते, कधी नाही. त्यावर विसंबू नये.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरचाच काढा. मार्चमध्ये घाईने काढलेला ३१ मार्चला संपतो आणि जूनमध्ये तहसीलला पुन्हा फेऱ्या. नॉन-क्रिमीलेयरची, म्हणजे घर मागासवर्गातल्या सधन गटात मोडत नाही या दाखल्याची, मुदत प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत पोचते का ते बघा. मुलीचं लग्न झालेलं असेल तर क्रिमीलेयर तिच्या आई-वडिलांवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. सेतूत बसलेला माणूस काहीही सांगो.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच आधारवर, तेच बँकेत. एखादी 'वेलांटी', वडिलांच्या नावापुढचं 'राव', एवढ्यावर अर्ज अडतो. जिचं शिकता शिकता लग्न ठरलं आहे तिला आणि तिच्या सासरच्यांना हे स्पष्ट सांगा की पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. आधार एका नावाचं, विद्यापीठ दुसऱ्या नावाचं आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिसरीकडेच, ही गाठ सोडवायला विवाह नोंदणी, राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तोवर पोर्टल बंद झालेलं असतं.

बँक खातं. विद्यार्थिनीच्या खात्यात यायच्या रकमा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि तेच आधारला जोडलं गेलेलं असतं. मुलीला ते माहीतही नसतं. दुसरा घोळ छोट्या खात्याचा. पूर्ण केवायसी न झालेल्या खात्यातल्या व्यवहारांना मर्यादा असते, त्यामुळे रक्कम अडकू शकते. तिसरा घोळ वयाचा. अज्ञान असताना आई-बाबांसोबत उघडलेलं खातं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने सही आणि केवायसी देऊन बदलून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. पहिलं वर्ष आणि अठरावा वाढदिवस साधारण एकत्रच येतात, हा योग वाईट आहे. खात्यात थेट येणाऱ्या सरकारी रकमेला डीबीटी म्हणतात. तेव्हा बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा: 'डीबीटीसाठी आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?' हे आधारच्या संकेतस्थळावरही दिसतं.

एवढं होऊनही कॉलेजने 'आधी पूर्ण फी भरा, नंतर परत देऊ' म्हटलं तर शासन निर्णयाची प्रत दाखवून अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी भांडणात मुलीचाच तोटा. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मनाई केली आहे, तपासून परत द्यायच्या असतात.

आता तुमच्या पैशांचं. बारावीपर्यंत गावच्या मुलीला एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट असतो. बारावी झाली की तो बंद. नेमकं कॉलेज लांब जातं तेव्हा. पुढे विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सूट आहे, पण उरलेला तिसरा हिस्सा रोख आणि दर महिन्याला लागतो. तीच गोष्ट वसतिगृहाची. अनुसूचित जातीच्या मुलीला शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलींसाठी स्वयम. तंत्रशिक्षणाच्या मुलींना एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घ्यायला नियमांत आडकाठी आहे, म्हणून अर्ज करण्याआधी दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून बघा. हे सगळे पैसे येतात, पण महिन्यांनी येतात. मेसवाली बाई आणि खोलीमालक मात्र जुलैत मागतात. मुलगी अडते ती या दोन तारखांच्या मधल्या फटीत.

तेव्हा माझा हिशोब असा. अडीच लाखांतले १ लाख ८० हजार फिरते ठेवा. नऊ मुलींना प्रत्येकी २० हजार, प्रवेशाच्या आठवड्यात, अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांच्या मेससाठी. शिष्यवृत्ती जमा झाली की परत, व्याज नाही, आणि जिची आलीच नाही तिच्यामागे लागायचं नाही. उरलेल्या ७० हजारांतले ४० हजार विकास शुल्कासाठी, २० हजार एसटीच्या पासांसाठी आणि १० हजार कागदपत्रांच्या खेपांसाठी. शेवटची रक्कम तुला क्षुल्लक वाटेल. तहसीलला चार खेपा म्हणजे आईची चार दिवसांची मजुरी, हे लक्षात घे. पैसे मुलीच्याच खात्यात टाका, मामा-काकांच्या नाही.

विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, म्हणून आज एसएनडीटीला त्यांच्या आईचं नाव आहे. तुम्ही अडीच लाखांत कोणाचंही नाव लावू नका. मोठा चेक हातात धरून फोटो नको, फ्लेक्स तर नकोच. ज्या मुलीचा असा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो तिला वर्षभर 'आपल्या पैशावर शिकतेय' हे ऐकावं लागतं, आणि पुढच्या वर्षी स्वाभिमानी घरातली मुलगी तुमच्याकडे येत नाही.

पैशापलीकडचं काम तुम्हा मुलांनीच करण्यासारखं आहे. बापाला 'मुलीला शिकवा' असं भाषण देऊ नका, त्याला ते पाठ आहे. त्याचे प्रश्न वेगळे असतात. वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं, शनिवारी घरी यायला शेवटची गाडी कोणती, आजारी पडली तर कोण नेईल, आपल्या भागातली कोणी मुलगी तिथे आहे का. ज्या आठ-दहा कॉलेजांत आपल्याकडच्या मुली जातात तिथे प्रत्यक्ष जा आणि याची उत्तरं एका कागदावर लिहून आणा. रेक्टरचा नंबर, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबरही त्यातच. ही समिती २०१३ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजात असावीच लागते आणि घटनेनंतर तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. कॉलेजच्या फलकावर समितीची नावं दिसली नाहीत तर विचारा. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला विचारायला सोपं जातं.

आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलीला स्वयंपाकघरात आणि तिच्या भावाला मोबाइलवर बघितलंत तर त्या भावाशी बोला. तुमच्यातल्या किती जणांना हे जमेल, मला शंका आहे.

यादी पाठव, मी एकेकीचे कागद बघून देते.

तुझी
आई

ता. क. दुसऱ्या वर्षी महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप पुढे जात नाही. पहिल्या वर्षी सगळं नीट केलेल्या मुलीही इथे चुकतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकीला फोन करून विचारायचं काम तुमच्यातल्या एकाच्या नावावर लिहून ठेव.