अण्णा, दोन पाळ्यांचं पाणी तुमच्या खात्यावर

अण्णा, सप्रेम नमस्कार.

बांधाला बांध असताना पत्र कसलं लिहितोस, म्हणाल. पण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही कांद्याच्या भावावर घसरता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

गेल्या ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, मक्यासाठी ट्रॅक्टर सांगून झाला होता. तुम्ही म्हणालात, "एक एकर तरी नांगरू नको. भुसकट तिथंच पांगव आणि त्यातच मका टोकण." मी मान डोलावली ती तुमच्या वयाकडं बघून. 'एक कोळपणी, अर्धं पाणी', म्हणजे वरची माती हलवली की पाणी वाचतं, हे ऐकत वाढलेला माणूस मी, न हलवलेल्या रानात ओल टिकेल हे पटणार कसं? तुम्ही हसलात. "कोळपं वरच्या वर भेगा बुजवतं. नांगर खालची ओली ढेकळं उन्हात आणून टाकतो. दोन्ही एकच व्हय रे?"

एक एकर नांगरला, एक तसाच ठेवला. दोन्ही एकरांना तोच तुषार संच, दर पाळीला तेवढेच तास. पण पाण्याची पाळी ठरल्या वारावर द्यायची नाही, ही तुमची अट. वीतभर उकरायचं, माती मुठीत दाबायची, गोळा झाला तर मोटर बंद. मका गुडघ्याएवढा व्हायच्या आतच फरक दिसला. नांगरलेल्या रानातली माती बोटांतून भुरभुर गळाली. पलीकडं भुसकट सारलं तर खाली काळीभोर, गार, हाताला चिकटणारी. पाच-सहा वेळा उकरून बघितलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी नांगरलेल्याला सात पाळ्या लागल्या, न नांगरलेल्याला पाच. पाच सेंटीमीटर उंचीच्या पाण्याची एक पाळी धरली तर एकरी दोन लाख लिटर होतात, म्हणजे चार लाख लिटर विहिरीत राहिलं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मक्याला हंगामभर पाचशे ते आठशे मिलिमीटर पाणी लागतं, तेव्हा ही बचत लहान नाही. ती झाली सगळी सुरुवातीलाच, उघड्या जमिनीवरून उडून जाणाऱ्या पाण्याची. मक्याची स्वतःची तहान काही कमी होत नाही. पानांनी रान झाकल्यावर दोन्हीकडं सारखंच पाणी लागलं, आणि तुरा-केसर येताना हात आखडू नको, कणसं भरणार नाहीत, असं तुम्ही दोनदा येऊन बजावलंत.

तण मात्र तुम्ही सांगितलंत त्याहून जास्त निघालं. एक भांगलण वाढली, बायकोनं तुमच्या नावानं बोटं मोडली. भुसकट जाड पडलं तिथं बी उगवलं नाही, नांगे पडले, भरायला मी उशीर केला. त्यात दोन पोती गेली, ती चूक माझी.

तुमचं टोकण यंत्र पडवीत पुसून ठेवलंय. स्प्रिंग माझ्या हातून तुटली होती, नवी बसवलीय. उद्या आणून देतो, पण ऑक्टोबरात परत मागणार आहे. यंदा दोन्ही एकरांसाठी.

तुमचा,
वरच्या बांधावरचा