चाहत्याने किती मागावे

चि. निनाद यास,

अनेक आशीर्वाद.

तू ज्या जपानी आवाज-अभिनेत्रीचा चाहता आहेस, तिने लग्न केल्याचे जाहीर करताच तिच्या चाहत्यांमध्ये जो गदारोळ उठला, त्याविषयी परवा फोनवर तू बराच वेळ बोललास. त्या बोलण्यात एकदा तू म्हणालास, "तिने आम्हाला फसवले." हे वाक्य तुझे स्वतःचे नसून तुमच्या मित्रमंडळीत फिरत असलेले असावे असा माझा कयास आहे, तरीही ते तुझ्या तोंडून इतक्या सहजपणे निघाले, की त्यावर सविस्तर लिहावे असे मला वाटले. असल्या विषयावर मला बोलण्यापेक्षा लिहिणे अधिक जमते, हे तू जाणतोसच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुझ्या या वेडाला माझा विरोध नाही. त्या वेडापायी तू जपानी लिपी शिकलास आणि रात्र-रात्र जागून चित्रे काढलीस, आणि ती चित्रे आता खरोखरच चांगली होऊ लागली आहेत. जपानी ॲनिमेशनचा इतिहास पाहिला तर त्यातील बराचसा भाग तुझ्यासारख्या वेड्यांनीच घडवला आहे. १९७४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेली अंतराळयुद्धनौका 'यामातो'ची मालिका प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात अपयशी ठरली आणि ठरल्यापेक्षा लवकर गुंडाळली गेली. पण तिच्या चाहत्यांनी मंडळे काढली, पुनःप्रक्षेपणे पाहिली, आग्रह धरला, आणि १९७७ च्या ऑगस्टमध्ये त्याच मालिकेतून संकलित केलेला चित्रपट आला तेव्हा तरुण मुले आदल्या रात्रीपासून चित्रपटगृहांबाहेर रांगा लावून बसली. ओसाकाच्या विज्ञानकथा संमेलनासाठी १९८१ आणि १९८३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी हौसेने उद्घाटनपर लघुपट काढले. त्याच मंडळींतून १९८४ मध्ये गायनॅक्स ही निर्मितीसंस्था उभी राहिली.

त्या विद्यार्थ्यांमध्ये हिदेआकी आन्नो होते. त्यांचे पुढचे प्रकरण तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण माझ्या मुद्द्यासाठी ते इथे मांडणे आवश्यक आहे. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'इव्हान्गेलिऑन' मालिकेचा १९९६ मधील शेवट अनेक चाहत्यांना अजिबात मानवला नाही, आणि त्यातल्या काहींनी आन्नो व त्यांच्या संस्थेवर अक्षरशः शिव्याशापांचा वर्षाव केला, जिवे मारण्याच्या धमक्याही दिल्या. त्याच मालिकेवरच्या १९९७ च्या चित्रपटात आन्नोंनी त्या द्वेषपूर्ण मजकुरातील काही भाग क्षणभर पडद्यावरच झळकवला आणि चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकांची दृश्येही त्यात घातली. जो माणूस चाहता म्हणून या क्षेत्रात आला, त्यालाच चाहत्यांसमोर असा आरसा धरावा लागला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

परंतु या विषयावर सर्वांत खोलवर विचार केला तो ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक सातोशी कोन यांनी, आणि त्यावरचे त्यांचे दोन चित्रपट तूच मला दाखवलेस. 'परफेक्ट ब्लू' हा त्यांचा पहिला चित्रपट १९९७ मध्ये महोत्सवात आणि १९९८ मध्ये जपानच्या चित्रपटगृहांत आला. 'मिलेनियम ॲक्ट्रेस' २००१ मध्ये महोत्सवात आणि २००२ मध्ये जपानभर प्रदर्शित झाला. पहिल्याची पटकथा सादायुकी मुराई यांची, दुसऱ्याची कोन आणि मुराई या दोघांची. दोन्हींत एक अभिनेत्री आहे आणि दोन्हींत तिच्यासाठी आयुष्य वाहिलेला एक पुरुष आहे. पहिल्यात ती निष्ठा खुनापर्यंत जाते आणि दुसऱ्यात ती एका वृद्ध स्त्रीला तिचे हरवलेले आयुष्य परत मिळवून देते. एकाच दिग्दर्शकाने लागोपाठ असे दोन चित्रपट करावेत, याचा अर्थ त्याला चाहतेपणाविषयी एक गोष्ट दोनदा, दोन दिशांनी सांगायची होती, असे मी मानते.

'परफेक्ट ब्लू'चा सुरुवातीचा कार्यक्रम आठवून पाहा. मिमा किरिगोए ही गायिका आपला तीन मुलींचा गट सोडून अभिनयाकडे वळणार असते आणि तिचा शेवटचा कार्यक्रम चालू असतो. मी-मेनिया नावाने वावरणारा तो सुरक्षारक्षक दूर उभा राहून आपला तळहात डोळ्यांसमोर अशा रीतीने धरतो, की रंगमंचावरची मिमा त्याच्या हातावर नाचते आहे असे भासावे. एकही शब्द न उच्चारता कोन यांनी त्याचे सगळे मन त्या एका चौकटीत उघडे केले आहे. तो तिच्यावर प्रेम करतो हे खोटे नाही. पण त्याला हवी आहे ती हातावर मावणारी, आणि त्याने ठरवलेल्या वयातच थांबलेली मिमा. ती पुढे जाऊ लागताच त्याच्या लेखी ती बनावट ठरते, आणि खरी मिमा वेगळीच कुणी आहे असे तो समजू लागतो. मिमाच्या घरी 'गद्दार' असा मजकूर फॅक्सने येतो तो याच विचारसरणीतून. फोनवरचे तुझे वाक्य ऐकून मला पहिल्यांदा तो फॅक्स आठवला, म्हणून हे सांगते आहे.

'मिमाची खोली' नावाचे ते संकेतस्थळ तर आजच्या काळात अधिकच अस्वस्थ करते. मिमाला संगणक कसा वापरायचा हेही धड येत नसते, आणि तिथे तिच्या नावाने, प्रथमपुरुषी, तिची रोजनिशी लिहिली जात असते. रेल्वेतून उतरताना ती आधी कोणते पाऊल टाकते हेसुद्धा त्यात असते. सुरुवातीला तिला त्याची गंमत वाटते. हळूहळू मात्र परक्याने लिहिलेली मिमाच अधिक खरी आहे की काय, असा संशय तिच्याच मनात शिरतो. एखाद्याविषयी अतोनात माहिती असणे आणि त्याला ओळखणे यांत केवढे अंतर आहे, हे इतक्या भेदक रीतीने दाखवलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. तुम्हा मुलांना तुमच्या आवडत्या कलावंताचा रक्तगट, मांजराचे नाव आणि न्याहारीचा पदार्थ ठाऊक असतो, आणि त्यातून जवळिकीचा एक भास निर्माण होतो. तो भास वाईट आहे असे मी म्हणत नाही. मात्र त्या भासाच्या आधारावर हक्क सांगू लागणे वाईट आहे.

तरी मला त्या सुरक्षारक्षकापेक्षा रूमीची भीती अधिक वाटते. रूमी ही मिमाची व्यवस्थापिका, स्वतः कधीकाळी गायिका असलेली. मिमाला मालिकेत बलात्काराचा प्रसंग करायला लावला जातो तेव्हा तिच्या बाजूने विरोध करणारी, रडणारी व्यक्ती तीच. संस्थेचा मालक, लेखक, छायाचित्रकार हे सगळे मिमाच्या शरीराचा हिशेब करत असताना तिची काळजी करणारी रूमीच आहे, आणि शेवटी तीच मिमाचा पोशाख अंगावर चढवून मिमाला ठार करायला निघते. काळजी करता करता तिने मिमाच्या जागी स्वतःला बसवले, हे तिचे तिलाही कळले नाही. एक आई म्हणून हा भाग पाहताना मला फारसे सुखाचे वाटले नाही, एवढेच नमूद करते. आणि मिमाचे मोठेपण असे, की ट्रकसमोर गेलेल्या त्याच रूमीला ती वाचवते.

यात सगळा दोष वेड्या चाहत्यावर टाकून मोकळे होणे मात्र मला पटत नाही. जपानच्या गायिका-उद्योगाने चाहत्यांना नेमके काय विकले, हेही पाहिले पाहिजे. 'परफेक्ट ब्लू'नंतर काही वर्षांनी, २००५ मध्ये सुरू झालेल्या एकेबी४८ या गटाने "भेटता येतील अशा गायिका" ही कल्पनाच व्यवसायाचा पाया केली. गाण्याच्या सीडीसोबत हस्तांदोलनाचे तिकीट मिळे, म्हणून एकच सीडी अनेकदा विकत घेणारी मुले होती. गायिकेने प्रेमसंबंध ठेवू नयेत हा अलिखित दंडकही त्याच व्यवहाराचा भाग. २०१३ मध्ये त्या गटातील एका तरुणीने मित्राच्या घरी रात्र काढल्याचे एका साप्ताहिकाने छापले, तेव्हा तिने स्वतःचे मुंडण करून, रडत, चित्रफितीवर चाहत्यांची क्षमा मागितली. पुढच्याच वर्षी इवाते प्रांतात हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने करवतीने हल्ला करून दोन गायिकांना जखमी केले. जवळीक किलोवर विकायला काढली की गिऱ्हाईक वजनात मारले गेल्याची तक्रार घेऊन येणारच. तुझ्या मित्रांचा राग मला पूर्णपणे अनाकलनीय वाटत नाही तो यामुळे. पण राग कुणावर धरावा, याचा पत्ता ते चुकले आहेत.

आता गेन्या ताचिबानाकडे वळते, कारण माझे मन त्याच्याकडे आहे. 'मिलेनियम ॲक्ट्रेस'मधला हा मध्यमवयीन, किंचित हास्यास्पद, सारखे डोळे पुसणारा माहितीपटकार तीस वर्षे अज्ञातवासात राहिलेल्या चियोको फुजिवाराची मुलाखत घ्यायला जातो. या चियोकोच्या मागे सेत्सुको हारा या अभिनेत्रीची छाया आहे, असे मानले जाते. त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांचे दिग्दर्शक ओझू १९६३ मध्ये वारले, त्या सुमारास हारा चित्रपटसृष्टीतून निघून गेल्या आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत कामाकुराला लोकांच्या नजरेआड राहिल्या. गेन्या चियोकोसमोर जातो तो तिने गमावलेली एक किल्ली घेऊन. ऐन तारुण्यात पोलिसांपासून लपवलेल्या एका चित्रकाराने मागे ठेवलेली ती किल्ली, आणि त्या चित्रकाराला पुन्हा भेटण्याच्या आशेने चियोकोने जगलेले सगळे आयुष्य. तिच्या आठवणी आणि तिचे चित्रपट एकमेकांत मिसळू लागतात, तेव्हा गेन्याही त्यांत शिरतो, पण कशासाठी, ते पाहा. कधी सामुराई होऊन, कधी गाडीवान होऊन तो तिला दुसऱ्या पुरुषाकडे पोहोचवायला मदत करतो. नायकाची जागा त्याने एकदाही मागितलेली नाही. चित्रीकरणस्थळी भूकंपात सेट कोसळला तेव्हा तिचा जीव वाचवणारा तरुण मदतनीस तोच होता, परंतु ते उपकार तो तिच्यावर लादत नाही.

माझ्या मते, दोन्ही चित्रपट एकत्र पाहिले की फरक नेमका इथे दिसतो. निष्ठेची तीव्रता मी-मेनिया आणि गेन्या या दोघांत सारखीच आहे, किंबहुना गेन्याची अधिकच, कारण ती काही दशके टिकलेली आहे. फरक आहे तो चियोकोच्या रस्त्यावर चियोकोलाच चालू देण्यात. ती ज्याच्या मागे धावते, तो गेन्या नाही, आणि हे त्याला मान्य आहे. मी-मेनियाला मिमाचा रस्ता असू शकतो हेच मान्य नाही. कोन यांनी आणखी एक बारकावा ठेवला आहे. चियोको स्वतःही एक प्रकारे चाहतीच आहे. जेमतेम एकदा भेटलेल्या माणसासाठी ती आयुष्य उधळते, आणि अखेरच्या क्षणी, अंतराळयान झेपावत असताना, आपल्याला खरे तर त्याच्या मागे धावणेच आवडत होते, असे सांगून टाकते. काहींना हा शेवट स्वार्थी वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. चाहत्याच्या आनंदाचा मोठा हिस्सा त्याच्या स्वतःच्या धावण्यात असतो, आणि हे ज्याला कळले, तो समोरच्याकडून परतफेडीची अपेक्षा करत नाही.

म्हणून तुला सांगायचे ते इतकेच, की त्या मुलीच्या लग्नाने तुझे काहीही गेलेले नाही. तिचा आवाज, तिने जिवंत केलेली पात्रे आणि त्यांच्यामुळे तुझ्या हाताला लागलेले रेखाटन हे सगळे तुझ्याजवळ आहे. तुमच्या गटात जे संयुक्त निषेधपत्र तयार होते आहे, त्यावर सही करायची की नाही, हा निर्णय तुझा आहे. तू सही केलीस तर मला वाईट वाटेल, हे मात्र लपवत नाही. तिला पत्र लिहायचेच असेल तर तिच्या कोणत्या भूमिकेने तुला चित्रे काढायला लावले, ते लिही; असे पत्र कोणत्याही कलावंताला वाचावेसे वाटते.

गेन्याच्या बाबतीत एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही, आणि त्यावरून तुझ्या बाबांशी माझा वाद झाला आहे. त्या चित्रकाराला पोलिसी छळात मारले गेले, हे गेन्याला तरुणपणापासून ठाऊक होते. ज्या पोलिसाने ते केले त्याचा कबुलीजबाब त्याने ऐकला होता. चियोको उत्तरेकडे होक्काइदोला त्या मेलेल्या माणसाला शोधायला धावत गेली, त्यानंतरही त्याने तिला काही सांगितले नाही. सांगितले ते कॅमेरामन इदाला, आणि तेही अगदी शेवटी. बाबांचे म्हणणे असे, की तिचे धावणे हेच तिचे जीवन होते आणि ते हिरावून घेण्याचा अधिकार गेन्याला नव्हता. मला वाटते, तिच्या वतीने तिचे सत्य दडवून ठेवण्याचाही अधिकार त्याला नव्हता, आणि तेवढ्यापुरता हा भला माणूसही रूमीच्या बाजूला सरकतो. दिवाळीला येशील तेव्हा तुझे मत ऐकायला आवडेल. बाबांनी तुला आधीच फोन करून आपल्या बाजूला वळवले नसेल, अशी आशा आहे.

तब्येतीची काळजी घे आणि रात्रीची जागरणे थोडी कमी कर.

तुझी,
आई