यंत्र ठणठणीत, संगणक मेलेला

संपादक महोदय,

मार्चअखेर जवळ आली की महाविद्यालयांच्या आणि चाचणी प्रयोगशाळांच्या जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवह्या उघडतात, निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याच्या, याद्या बनतात. माटुंग्यापासून तारापूरपर्यंत अशा याद्यांत गॅस क्रोमॅटोग्राफ, स्पेक्ट्रोफोटोमीटर, ताण-चाचणी यंत्र अशी नावे सापडतात आणि पुढे शेरा असतो 'नादुरुस्त'. पुष्कळदा नादुरुस्त झालेला असतो तो यंत्राशेजारचा विंडोज ९८ किंवा एक्सपीवरचा संगणक. यंत्राची भट्टी तापते, पंप दाब धरतो, दिवा पेटतो. त्याला हुकूम सोडणारे मात्र कोणी उरलेले नसते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून सुधारणा मिळण्याची मुदत ८ एप्रिल २०१४ला संपली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला. आता सरसकट संगणक बदलताना आणखी यंत्रे भंगाराच्या वाटेला लागतील, म्हणून हे पत्र.

जुनी प्रणाली नव्या संगणकाच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, म्हणून चालवता येते (बाहेरचा खरा संगणक तो होस्ट, आतली जुनी प्रणाली ती गेस्ट) आणि तिच्याकरवी जुने यंत्रही चालवता येते. पण त्यासाठी जुन्या संगणकाच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत हाती हवी, आणि ती संगणक चालू आहे तोवरच काढून ठेवायला हवी. डिस्क बंद पडल्यावर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. सॉफ्टवेअरची मूळ सीडी कपाटात असली तरी तेवढ्याने भागत नाही. यंत्राचे कॅलिब्रेशनचे स्थिरांक, पद्धतींच्या फायली, परवान्याची नोंद हे सारे त्या जुन्या डिस्कवरच साठलेले असते.

प्रत काढायच्या आधी एक काम त्या संगणकावरच करावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई कंट्रोलरचा (डिस्क ज्याला जोडलेली असते त्या चिपचा) मूळ कंपनीचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडावा. हे राहून गेले तर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी सुरू होतानाच निळा पडदा येतो आणि त्यावर ०x७बी हा क्रमांक असतो. डिस्क कुठल्या कंट्रोलरवर आहे हे विंडोजला ओळखता आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ; डिस्क खराब झाली असे समजून प्रत फेकून देऊ नये. मग संगणक बंद करून डिस्क बाहेर काढावी, चाळीस पिनांच्या आयडीई डिस्कवरचा जंपर 'मास्टर'वर ठेवावा आणि वेगळा वीजपुरवठा असलेल्या यूएसबी अडाप्टरने ती लिनक्सच्या संगणकाला जोडावी. तिथे साध्या कॉपीच्या आज्ञेऐवजी डीडीरेस्क्यू हे डिस्कची प्रत काढणारे साधन वापरावे. खराब सेक्टरवर ते अडकून बसत नाही. आधी चांगला भाग उचलते, मग वाईट भागाकडे परतते आणि काय सुटले याची नोंद ठेवते. वीस वर्षांच्या डिस्कला हा शेवटचा मोठा प्रवास ठरू शकतो, तेव्हा पहिल्याच खेपेला योग्य साधन हवे. तयार झालेली इमेज दोन वेगळ्या जागी ठेवावी आणि मूळ डिस्क पुन्हा जागेवर बसवावी. व्हर्च्युअल मशीन बनवताना कंट्रोलर साटा न निवडता जुना पीआयआयएक्स४ आयडीई निवडावा.

आता यंत्राची जोडणी. नेटवर्क केबल, यूएसबी किंवा नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असेल तर काम सोपे. संगणकाच्या आत खास कार्ड असेल तर ते उघडून पाहावे. लांब, काळा आयसा (जुन्या पद्धतीच्या कार्डाचा) स्लॉट दिसला तर व्हर्च्युअल मशीनचा नाद सोडावा. आयसा कार्ड गेस्ट प्रणालीला देण्याची सोयच नाही. तिथे जुनाच संगणक जगवायचा: फुगलेले कपॅसिटर आणि सीआर२०३२ सेल बदलायचा, पॉवर सप्लाय नवा घालायचा, डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवायचे. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, तोही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा. एवढ्यानेच पुष्कळ 'मेलेले' संगणक उठून बसतात.

आयसानंतर आलेल्या पीसीआय कार्डाला मधला मार्ग आहे, पण तो अवघड. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरने ६.१ आवृत्तीपासून पीसीआय पासथ्रू, म्हणजे खरे कार्ड थेट गेस्टच्या हाती देण्याची सोय, काढूनच टाकला आहे. त्यासाठी लिनक्सवर केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा लागते, बायोसमध्ये व्हीटी-डी ही कार्ड गेस्टला देऊ देणारी सोय चालू असावी लागते, आणि नव्या बोर्डावरचा पीसीआय स्लॉट बहुधा एका ब्रिज चिपच्या मागे असतो. त्या ब्रिजमागची सगळी कार्डे एकाच गटात मोडतात. एक द्यायचे तर सगळी द्यावी लागतात. म्हणून तिथे ते एकच कार्ड ठेवावे.

दुसरा प्रश्न जोडणीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही: वेळेचा ठेका कोण धरतो, यंत्र की संगणक? समजा क्रोमॅटोग्राफच्या डिटेक्टरची नोंद सेकंदाला २० वेळा होते आणि एक पीक (आलेखावरचे एका घटकाचे शिखर) २ सेकंद रुंद आहे. म्हणजे त्या पीकवर ४० बिंदू आले. यंत्रात स्वतःचा प्रोसेसर आणि बफर असेल तर होस्ट संगणक अर्धा सेकंद अडखळला तरी बिघडत नाही, बिंदू मागून येऊन पोचतात. पण मोजणी संगणकच करत असेल तर त्या अर्ध्या सेकंदात १० बिंदू गेले, पीकचे क्षेत्रफळ चुकले, आणि पडद्यावर कुठलाही इशारा येत नाही. पॅरलल पोर्टवरून स्टेपर मोटरला एकेक पल्स देणारी सॉफ्टवेअरे याच जातीची. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये नेऊ नयेत. डॉसवरची, टर्बो पास्कल या जुन्या भाषेत लिहिलेली काही सॉफ्टवेअरे तर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन थांबतात, कारण विलंब मोजायच्या त्यांच्या भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. त्याला पॅच मिळतो, पण वेळेचा मूळ प्रश्न पॅचने सुटत नाही.

सिरीयल पोर्टच्या बाबतीत नव्या संगणकाला यूएसबी-सिरीयल अडाप्टर लागतो. लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो, मात्र आतली चिप अस्सल असल्याची खात्री करून घ्यावी. प्रोलिफिक आणि एफटीडीआय या अशा चिपा बनवणाऱ्या कंपन्या. नकली प्रोलिफिक चिपवर नवा ड्रायव्हर 'कोड १०' दाखवून बसतो. एफटीडीआयच्या नकली चिपांचा तर २०१४मध्ये कंपनीच्याच ड्रायव्हरने ओळख-क्रमांक शून्य करून टाकला होता. अस्सल एफटीडीआय घेतला तरी त्याचा लेटन्सी टायमर, म्हणजे डेटा पुढे पाठवण्याआधी थांबायची मुदत, १६ मिलिसेकंदांवर असतो. छोटे उत्तर तेवढा वेळ चिपमध्ये थांबते, आणि यंत्राशी हजार वेळा प्रश्नोत्तरे करणाऱ्या सॉफ्टवेअरचे निव्वळ वाट पाहण्यात १६ सेकंद जातात किंवा ते 'टाइमआउट' म्हणून संपर्क तोडते. पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हा आकडा १ करावा.

हा अडाप्टर गेस्टच्या हवाली करण्याऐवजी होस्टवरच ठेवावा आणि त्याचा पोर्ट गेस्टच्या कॉम१ला जोडून द्यावा, असे आमचे मत आहे. मग गेस्टला साधा, जुना ३एफ८ पत्त्यावरचा पोर्ट दिसतो; त्यात ड्रायव्हर घालावा लागत नाही, आणि थेट पत्त्यावर लिहिणारी डॉसची सॉफ्टवेअरेही चालतात. केबल मात्र जुनीच वापरावी. काही कंपन्यांच्या केबलमध्ये २ आणि ३ क्रमांकाच्या तारा उलटसुलट असतात, काहींत सरळ. मल्टिमीटरच्या बीपने नऊच्या नऊ पिना तपासून नकाशा कागदावर काढावा आणि केबललाच चिकटवावा. ७ आणि ८ या पिनांची जोडणी सुटली तर छोट्या आज्ञा व्यवस्थित चालतात आणि लांब डेटा मध्येच तुटतो. हा दोष शोधताना दिवसच्या दिवस जातात.

जीपीआयबी या मोजमाप-यंत्रांच्या जुन्या जोडणीवरच्या यंत्रांना यूएसबी-जीपीआयबी अडाप्टर चालतो. सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीच्या कार्डासाठी लिहिले आहे ते मात्र आधी पाहावे. एका कंपनीच्या लायब्ररीशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला दुसऱ्या कंपनीचा अडाप्टर दिसतच नाही. आणखी एक गोम आहे. एजिलंटचा ८२३५७बी हा अडाप्टर जोडताच ०५१८ या प्रॉडक्ट क्रमांकाने येतो, फर्मवेअर चढले की स्वतःला काढून घेऊन ०७१८ म्हणून परततो. यूएसबी फिल्टर (कुठले उपकरण गेस्टला द्यायचे हे सांगणारा नियम) पहिल्याच क्रमांकाचा केला असेल तर दुसऱ्या वेळी तो होस्टकडे जातो आणि गेस्टमध्ये 'अडाप्टर सापडला नाही' असे येते. दोन्ही क्रमांकांचे फिल्टर ठेवावेत.

होस्ट संगणकाची झोप बंद करावी, यूएसबीची वीजबचत बंद करावी, अपडेटची वेळ आपल्या हातात ठेवावी. रात्रभर चालणाऱ्या नमुन्यांच्या मालिकेत होस्ट परस्पर रिस्टार्ट झाला तर सकाळी कॉलममधून नुसते सॉल्व्हंट वाहत असते. चालू धावेत स्नॅपशॉट, म्हणजे गेस्टच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घेऊ नये: तो परत उघडला की गेस्टला वाटते यंत्र तिथेच आहे, आणि यंत्र केव्हाच पुढे गेलेले असते. गेस्टला इंटरनेट देऊ नये. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला, पण त्यावर दर वेळी विसंबता येणार नाही. नेटवर्कवरच्या यंत्रासाठी वेगळे नेटवर्क कार्ड ठेवावे, ते फक्त त्या यंत्रालाच जोडावे. विंडोजचा ओईएम (संगणकासोबतच आलेला) परवाना मूळ संगणकाशी बांधलेला असतो, तेव्हा परवान्याचा प्रश्नही खरेदी विभागाने आधीच मिटवावा.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना यातून सूट नाही. आयएसओ १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाच्या कलम ७.११नुसार डेटा हाताळणारी यंत्रणा वापरण्यापूर्वी प्रमाणित करावी लागते, आणि व्हर्च्युअल मशीन हा त्या यंत्रणेतला बदलच आहे. जुना संगणक चालू असेल तर हे काम सुकर होते. एखादी जुनी कच्ची डेटा फाईल दोन्हीकडे त्याच पद्धतीने सोडवावी. सॉफ्टवेअर तेच असल्याने आकडे शेवटच्या स्थानापर्यंत जुळलेच पाहिजेत. मग एकाच प्रमाणित द्रावणाची सहा इंजेक्शने जुन्या संगणकावर आणि सहा व्हर्च्युअल मशीनवर देऊन धारणकाळ (पीक येईपर्यंतचा वेळ) आणि क्षेत्रफळाचे विचलन शेजारी शेजारी मांडावे. जुना संगणक भंगारात गेल्यावर ही तुलना करायला काहीच उरत नाही.

विद्यापीठे, तंत्रशिक्षणाचे अधिकारी आणि महाविद्यालयांच्या खरेदी समित्या यांना विनंती आहे की संगणकामुळे बंद पडलेल्या यंत्राच्या निर्लेखन प्रस्तावात तीन रकाने वाढवावेत: डिस्कची प्रत काढली का, जोडणी कुठली, वेळेची मोजणी यंत्रात होते की संगणकात. हे भरल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये. तोवर प्रत्येक प्रयोगशाळेने निदान एवढे करावे: संगणक भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या मागच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचलेला, बोटभर लांबीचा डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली) काढून घ्यावा. त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि यूएसबी-प्रिंटर केबलवर तो चालत नाही; त्याला बोर्डावरचा किंवा कार्डावरचा खरा पॅरलल पोर्टच लागतो. डोंगल, केबल, फ्लॉप्या आणि सीडी एका पिशवीत घालून पिशवीवर यंत्राचा जडसंग्रह क्रमांक लिहावा आणि ती यंत्राच्याच हँडलला बांधावी.

आपला,
प्रयोगशाळा-उपकरणांची देखभाल करणारा एक वाचक, मुंबई