टायगर मॉथ सोपं होतं, निर्धोक नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टायगर मॉथ या जुन्या, दुपंखी शिकाऊ विमानाचा फोटो आला होता. नातीने तो मोबाइलवर मोठा करून दाखवला. दोन पंखांमधल्या तारा, पुढचं लाकडी प्रोपेलर, शेपटीखालची स्किड (चाकाऐवजी घासत जाणारी पट्टी), सगळं ओळखीचं. पण फोटोखालची ओळ वाचली, 'हे विमान इतकं सुरक्षित होतं की पडलं तरी वैमानिकाला खरचटतही नसे', आणि मन अस्वस्थ झालं. १९६३ पासून साडेचार वर्षं मी एका फ्लाइंग क्लबात या विमानांवर रिगर होतो. आता वय ऐंशीच्या पुढं आहे. ती ओळ तशीच राहू देणं मला बरं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

रिगर म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. इंजिन बघायचा तो फिटर. पंख, कापड, तारा, कंट्रोल केबल बघायचा तो रिगर. टायगर मॉथच्या धडाचा, म्हणजे मधल्या भागाचा, सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख स्प्रूस लाकडाचे, आणि वरून ताणून बसवलेलं लिननचं कापड. त्या कापडावर डोप नावाचं रसायन फासलं की ते ढोलकीच्या पानासारखं ताठ होई. हँगरमध्ये केळ्याच्या इसेन्ससारखा वास दिवसभर भरलेला असे. पंख सरळ बसलेत का हे आम्ही गवंड्यासारखा ओळंबा सोडून आणि लेव्हल लावून बघत असू. एक तार सैल आणि दुसरी जास्त आवळलेली असली तर विमान हवेत एका अंगाने कलतं. वैमानिक उतरून फक्त एवढंच म्हणे, "डावीकडं ओढतंय रे." मग आमची दुपार त्या तारांवर जाई.

या विमानाने २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन विमानतळावरून पहिलं उड्डाण केलं. पुढं सगळी मिळून ८,८०० च्या वर टायगर मॉथ बनली. दुसऱ्या महायुद्धात ते बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीला हॅटफिल्डच्या कारखान्यात मॉस्किटो या लढाऊ विमानासाठी जागा हवी होती, म्हणून काम काउलीच्या मॉरिस मोटारींच्या कारखान्याकडं गेलं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्येही ती बनत. आपल्याकडं बेगमपेट आणि जोधपूरच्या प्राथमिक उड्डाण शाळांत युद्धकाळातली पोरं याच विमानावर शिकली. स्वातंत्र्यानंतर वायुदलात त्याची जागा एचटी-२ या शिकाऊ विमानाने घेतली. ते विमान आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगळुरूला तयार झालं आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं. नागरी क्लबांत मात्र टायगर मॉथ बराच काळ टिकलं. मला ते तिथं भेटलं.

आता सुरक्षिततेचं. अपघाताचा विचार या विमानाच्या आकारातच आहे. आधीच्या मॉथ विमानात पुढच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर वरचा पंख येई. पॅराशूट बांधलेल्या शिक्षकाला बाहेर पडायची वेळ आली तर पंखाचे खांब आणि तारा आडव्या येत. म्हणून पंखाचा मधला भाग पुढं सरकवला. त्याने तोल बिघडला, तेव्हा पंखांची टोकं मागं वळवली. फोटोत पंख जरा मागं झुकलेले दिसतात, ते या कारणाने. वरच्या पंखाच्या या मधल्या भागात १९ गॅलन पेट्रोलची टाकी असे. पंप नव्हता, पेट्रोल वरून आपोआप खाली येई. टाकीवर एक काचेची नळी आणि तीत खालीवर होणारं तरंगतं बूच, एवढंच मापक. विद्यार्थी मागच्या खुर्चीवरून ते बघे. एकट्याने उडतानाही तो मागंच बसे, कारण पुढं एकटं बसलं तर तोल जातो.

ब्रेक नव्हते. वाऱ्याच्या दिवशी विमान जमिनीवर हाकताना आम्ही पंखाच्या टोकाला धरून धावत जायचो, नाहीतर वारा ते पालथं करी. वेग कमी, जेमतेम ताशी १०० मैलांच्या आसपास. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणारी पट्टी, तिच्यामुळं स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाणं, मवाळ. विद्यार्थ्याच्या बऱ्याच चुका विमान पोटात घाली, हे खरं आहे. आमचे इन्स्ट्रक्टर मात्र म्हणत, उडवायला सोपं, नीट उडवायला अवघड. उतरताना वाकडं टेकलं की खालचा पंख जमिनीला घासलाच. अशा किती टोकांना मी नवं लाकूड जोडलं आणि कापड शिवलं, त्याची मोजदाद नाही. 'खरचटतही नसे' हे वाक्य बहुधा अशा उतरण्यांवरून आलं असावं. त्यात माणूस चालत बाहेर येई, एवढं बरोबर.

पण गिरकी, म्हणजे स्पिन, विमान गरगरत खाली येणं, ही वेगळी गोष्ट. १९४० मध्ये जर्मन उतरतील या भीतीने ब्रिटनमध्ये शिकाऊ टायगर मॉथलाही बॉम्ब टांगायची सोय केली, २० पौंडांचे आठ. पुढं गिरकीतून बाहेर यायला ही विमानं कुरकुर करू लागली. चाचण्या झाल्या. मग शेपटीच्या आडव्या पंखांपुढं धडावर दोन अरुंद पट्ट्या बसवल्या आणि एलेरॉनची (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांची) वजनं काढून टाकली. त्या पट्ट्या दिसायला किरकोळ आहेत, हातभर लांब. त्यांच्यामागं गिरकीतून बाहेर न आलेली माणसं आहेत, हे आम्हाला आमच्या हेडने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि त्या पट्टीवर हात ठेवून सांगितलं होतं.

या विमानाने काय काय केलं तेही आपल्या मजकुरात नव्हतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मागच्या धडाचं झाकण बिजागऱ्यांवर उघडेल असं करून त्यात जखमी सैनिक आडवा ठेवून आणत. युद्धानंतर न्यूझीलंडमध्ये पुढच्या खुर्चीच्या जागी खताचा हौद बसवून डोंगरउतारांच्या कुरणांवर सुपरफॉस्फेट टाकलं. ते काम फार खालून, भरलेल्या विमानाने, दिवसातून अनेक फेऱ्यांनी चाले. त्यात वैमानिक गेले.

आता माझं स्वतःचं सांगतो. हे मी घराबाहेर फारसं बोललेलो नाही.

टायगर मॉथला सेल्फ स्टार्टर नसे. प्रोपेलर हाताने फिरवावं लागे. मॅग्नेटोचे (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचे) स्विच खुर्चीच्या बाहेर, धडावर बसवलेले, म्हणजे फिरवणाऱ्याला समोरून दिसावेत. वर ऑन, खाली ऑफ. आधी कार्बोरेटरची पिन दाबून पेट्रोल खाली ठिबकू लागेपर्यंत थांबायचं. मग हाक, "स्विचेस ऑफ! पेट्रोल ऑन! थ्रॉटल क्लोज्ड!" खुर्चीतून तेच शब्द परत यायचे. मग "सकिंग इन" म्हणत चार वेळा पातं ओढायचं, इंजिनाने पेट्रोल आत घ्यावं म्हणून. त्यानंतर "कॉन्टॅक्ट!", म्हणजे स्विच ऑन, आणि खरा झटका. प्रत्येक हाकेला उत्तर आल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, हा नियम.

१९६५ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्याकडं एक हेल्पर होते, सगळे त्यांना नाना म्हणत. पोरं शिकायला यायच्या आधी सकाळी सातला ते विमान तयार ठेवत. आदल्या संध्याकाळी फिटर रजेवर होता, म्हणून मी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून प्लग साफ केले. अंधार पडत आला होता. काउलिंग लावताना मॅग्नेटोच्या अर्थची तार कडेखाली चेपली गेली, ती मी बघितली नाही. ही तार तुटली की स्विच ऑफ असला तरी मॅग्नेटो जिवंत राहतो. बाहेरून काही कळत नाही. स्विच खालीच दिसतो.

सकाळी नानांनी सगळ्या हाका बरोबर दिल्या. खुर्चीतून सगळी उत्तरं बरोबर आली. ते चौथ्यांदा पातं ओढत असताना इंजिन पेटलं. मी वीस पावलांवर होतो. आवाज मोठा नव्हता, एकच 'फट्'. नाना बाजूला बसले आणि उजवा हात डाव्याने धरून माझ्याकडं बघत राहिले. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय एक पाऊल पुढं असता तर डोकं गेलं असतं.

चौकशीत मी तार चेपल्याचं सांगितलं. क्लबाने कागदावर 'यांत्रिक बिघाड' एवढंच लिहिलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची टोचणी आजही आहे. यंत्रात बिघाड नव्हता. माझा हात चुकला होता. नानांना उपचाराचे पैसे क्लबाने दिले, पण त्यांचा तो हात पुढं कधी सरळ झाला नाही.

म्हणूनच २०१३ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या अपघाताची माहिती मुलाने मला वाचून दाखवली तेव्हा मी ती परत परत वाचायला लावली. १६ डिसेंबरला क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ, एक टायगर मॉथ हौशी प्रवाशाला घेऊन कसरती करत होतं. लूप (हवेत उभी गोल फेरी) सुरू केला आणि डावे पंख तुटले. वैमानिक आणि प्रवासी दोघंही गेले. तपासात कळलं की धडातून आडव्या जाणाऱ्या, दोन्हीकडच्या पंखांचा भार पेलणाऱ्या पोलादी सळ्या तुटल्या होत्या. त्यांच्या आट्यांच्या जागी धातू थकून आधीपासून चिरा पडलेल्या होत्या. या सळ्या २,००० उड्डाणतास किंवा १८ वर्षं झाली की बदलायच्या, असा नियम होता. त्या विमानात नव्याने बनवून बसवलेल्या सळ्या मात्र या मुदतीच्या कितीतरी आधीच तुटल्या.

या सळ्या माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. त्या पायाखाली, तळाशी असतात. विमान बघायला आलेल्या कुणाला त्या कधी दिसत नाहीत. सगळे तारांचं कौतुक करतात, पिवळ्या रंगाचं करतात. बाहेरच्या तारा डोळ्यांना दिसतात, बोटाने टिचकी मारली की आवाजावरून ताण कळतो. आतल्या सळीतली चीर बोटाला कळत नाही.

आपल्या वायुदलाने एक जुनं टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या वायुदल दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडवलं. टीव्हीवर ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनाचा तो हळू, ठसठशीत आवाज चाळीसहून जास्त वर्षांनी ऐकला. असं विमान उडतं ठेवावं, असंच माझं मत आहे. गोदामात धूळ खाण्यापेक्षा ते हवेत असलेलं चांगलं. पण त्याची प्रत्येक सळी, तिचे तास, ती कुणी बनवली याचा कागद, हे सगळं कापडाखालच्या लाकडाइतकंच त्या विमानाचा भाग समजायला हवं.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपण ती ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी. आणि ज्या संग्रहालयांत असं विमान आहे त्यांनी शेजारच्या पाटीवर त्या विमानाचे अपघातही लिहावेत. कधी पडलं, कुठं पडलं, कोण जखमी झालं, मग काय बदललं. शक्य असेल तर तळाची एक पट्टी उघडी ठेवून आतल्या सळ्या दाखवाव्यात. शाळेची मुलं तिथं येतात. त्यांना विमान किती जणांच्या हातांवर उडतं हे बघता येईल.

नानांनी मोडक्या हातानिशी पुढं बरीच वर्षं त्याच क्लबात काम केलं. प्रोपेलरला त्यांनी परत हात लावला नाही. वाऱ्याच्या दिवशी मात्र पंखाचं टोक धरून ते आमच्याबरोबर धावायचे, डाव्या हाताने.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान रिगर,
मिरज